ड्राफ्ट तोंडावर आलाय, कॅपचं काय? (एनएफएल)

डेन्व्हरकर | १६ एप्रिल २०२५

पुढच्या आठवड्यात ग्रीन बेला एनएफएलचा ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजमधली पोरं टीमनी आळीपाळीने निवडायची. दरवर्षी या दिवसांत आमच्या ग्रुपवर तोच प्रश्न फिरतो: "आपल्याकडे कॅपमध्ये (पगाराच्या मर्यादेत) एवढीच जागा उरलीय, मग ड्राफ्टमधली पोरं परवडणार कशी?"

मला हा प्रश्नच उलटा वाटतो. ड्राफ्टमधल्या पोरांना कॅपमध्ये फारशी जागा लागत नाही. मार्चमध्ये जागा काढून करार संपलेले खेळाडू घ्यायची (फ्री एजन्सी) जी पळापळ चालते ती त्यांना पगार द्यायला नसते. ड्राफ्टच्या दिवशी "आता टाइट एंड घेतलाच पाहिजे, दुसरा पर्याय नाही" अशी वेळ येऊ नये म्हणून असते. जी टीम भोकं (रिकाम्या जागा) घेऊन ड्राफ्टला बसते ती चांगला खेळाडू सोडून गरजेचा खेळाडू उचलते, आणि तीन वर्षांनी पस्तावते.

नवीन लोकांसाठी थोडक्यात (हे अमेरिकन फुटबॉल आहे, मेस्सीवालं नाही): ३२ टीम, प्रत्येकीला पगाराची सारखीच मर्यादा. १९९४ मध्ये सुरू झाली तेव्हा ३४.६ मिलियन डॉलर होती, यंदा, २०२५ ला, २७९.२ मिलियन झाली. लीगचं नवं वर्ष मार्चच्या मध्याला सुरू होतं, यंदा १२ मार्चला दुपारी चारला झालं. त्या मिनिटाला प्रत्येक टीम मर्यादेच्या आत असावीच लागते.

आता मेख अशी, की उन्हाळ्यात रोस्टरवर (खेळाडूंच्या यादीत) ९० जण असले तरी कॅपमध्ये फक्त सर्वात महागडे ५१ मोजतात. सहाव्या फेरीतल्या पोराचा पगार ८ लाख ४० हजार डॉलर, म्हणजे नवख्याचा किमान. तो पहिल्या ५१ मध्ये बसतच नाही. त्याच्या साइनिंग बोनसचा (सहीच्या वेळी एकरकमी मिळणारे पैसे) या वर्षीचा हिस्सा तेवढा मोजला जातो, तोही किरकोळ. पहिल्या फेरीतला बसतो, पण तो आला की यादीच्या तळाचा एक जण बाहेर पडतो. आमच्या ब्रॉन्कोजचा (डेन्व्हर) पिक, म्हणजे निवडीचा नंबर, २० वा. त्या जागेचा पहिल्या वर्षीचा भार ३३ लाखांच्या आसपास. बाहेर पडणारा समजा ९ लाख ६० हजारांचा. म्हणजे निव्वळ खर्च २३-२४ लाख. आमचे सातही पिक धरले तरी माझ्या हिशेबाने साडेतीन मिलियनच्या वर जाऊ नये. २७९ मधले साडेतीन!

तुमच्या टीमने मार्चमध्ये काय केलं ते लिहा.

---

चहाबाज

वा, एनएफएलवर मराठीत धागा! एक बाळबोध प्रश्न. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक टीमच्या पर्समध्ये ठरावीक रक्कम असते आणि बोली लावत खेळाडू घेतात. हे तसंच का?

---

डेन्व्हरकर

चहाबाज, मर्यादेपुरतं सारखं, पुढे वेगळं. इथे ड्राफ्टमध्ये बोली नाही. मागच्या मोसमात ज्याची कामगिरी वाईट त्याचा नंबर आधी, आणि त्या पोराला दुसरीकडे जायची सोयच नाही. शिवाय पगार जागेवर ठरतो, खेळाडूवर नाही. पहिल्या नंबरला जो जाईल त्याला त्या नंबरचा पगार, १२ व्याला १२ व्याचा. करार चार वर्षांचा.

हे २०११ पासून. त्याआधी पहिल्या नंबरचा पोरगा एकही सामना न खेळता लीगमधल्या दिग्गजांच्या बरोबरीने पैसे मागायचा. २०१० ला सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७८ मिलियन मिळाले, त्यातले ५० हमीचे. पुढच्याच वर्षी नियम बदलला आणि कॅम न्यूटनला त्याच पहिल्या नंबरला चार वर्षांचे २२ मिलियन. एका वर्षाचा फरक! तेव्हापासून ड्राफ्ट हे लीगमधलं सर्वात स्वस्त दुकान झालं. मागच्या वर्षीच्या पहिल्या नंबरला, केलेब विल्यम्सला, चार वर्षांचे साडेएकोणचाळीस मिलियन आहेत. चांगला अनुभवी क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, टीमचा मुख्य खेळाडू) तेवढे एका वर्षात घेतो, वर आणखी मागतो.

---

हिशेबनीस

मी पुण्यात सीए आहे. खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण ५१ जणांचा नियम वाचून बसलो. हा "साइनिंग बोनसचा या वर्षीचा हिस्सा" म्हणजे बोनस आज दिला, पण हिशेबात वर्षांवर पसरला, असंच ना? जास्तीत जास्त किती वर्षं पसरता येतो?

---

डेन्व्हरकर

हिशेबनीस, बरोब्बर. जास्तीत जास्त पाच वर्षं. आणि खरी करामत तिथेच आहे.

समजा एका जुन्या खेळाडूचा या वर्षीचा पगार २१.२५५ मिलियन आहे. सात-आठ वर्षं खेळलेल्याचा यंदाचा किमान पगार १.२५५. टीम म्हणते, "तुझा पगार आम्ही १.२५५ करतो, उरलेले २० मिलियन आजच बोनस म्हणून घे." खेळाडू कशाला नाही म्हणेल? पैसे तेच, उलट लवकर आणि हमीने. कॅपमध्ये ते २० मिलियन पाच वर्षांवर, वर्षाला ४. म्हणजे या वर्षी १६ मिलियनची जागा एका सहीत मोकळी. याला रिस्ट्रक्चर म्हणतात. करार तेवढ्या वर्षांचा नसेल तर पुढे खोटी वर्षं जोडतात, व्हॉइड इयर्स. त्या वर्षांत तो खेळणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं, बोनस पसरायला ती वर्षं लागतात, बस.

---

हिशेबनीस

म्हणजे रोख आज, खर्च पुढे. आणि तो खेळाडू मधेच सोडला तर न मोजलेला हिस्सा एकदम अंगावर येत असणार. आमच्याकडे मालमत्ता भंगारात काढली की उरलेली किंमत त्याच वर्षी खर्ची टाकतात, तसं.

---

कोपऱ्यातला

सीए लोकांना एनएफएल लगेच कळेल, खेळ न कळताही 😄 हो, त्यालाच डेड मनी म्हणतात. माणूस गेला, हिशेब राहिला.

---

डेन्व्हरकर

आणि डेड मनीवर डेन्व्हरवाल्यांएवढा अधिकार कुणाचाच नाही. ऐका.

मार्च २०२२ मध्ये क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सिअॅटलकडून आणला. दोन पहिल्या फेरीचे पिक, दोन दुसऱ्या फेरीचे, शिवाय तीन खेळाडू. आमच्याकडून एकही सामना खेळायच्या आत सप्टेंबरमध्ये पाच वर्षांचा साधारण २४५ मिलियनचा वाढीव करार. त्या मोसमात ५-१२ (पाच जिंकले, बारा हरले). पुढच्या वर्षी शॉन पेटन कोच म्हणून आले, ८-९ झालं, आणि शेवटच्या दोन सामन्यांत विल्सन बाकावर.

आता मार्च २०२४ चा पेच बघा. त्या वर्षाचे ३९ मिलियन हमीचे, ते सुटणार नव्हतेच. पण नव्या लीग-वर्षाच्या पाचव्या दिवशी तो रोस्टरवर असता तर २०२५ चे ३७ मिलियनही हमीचे झाले असते. म्हणजे निर्णय मार्चच्या मध्याला घ्यायचा, आणि त्याच्या जागी कोण येणार ते कळणार एप्रिलच्या शेवटी, ड्राफ्टमध्ये! आमचा नंबर १२ वा. त्याआधी क्वार्टरबॅक संपले तर? तरीही सोडला. ८५ मिलियनचा डेड मनी, तोवरच्या लीगच्या इतिहासातला सर्वात मोठा.

इथे १ जूनचा नियम कामाला आला. टीमला दरवर्षी दोन खेळाडू मार्चमध्येच सोडून "हा १ जूननंतर सोडला असं धरा" म्हणता येतं. तसं केलं की भार दोन वर्षांत विभागतो: २०२४ ला ५३, २०२५ ला ३२. एक गोम आहे. जागा मोकळी होते ती जूनमध्येच, तोवर जुना आकडा वहीवर तसाच. म्हणजे मार्चच्या फ्री एजन्सीत त्याचा काडीचा उपयोग नाही. म्हणूनच त्याच महिन्यात जस्टिन सिमन्सलाही सोडावं लागलं आणि जेरी जुडीला विकावं लागलं.

विल्सन पिट्सबर्गला १.२१ मिलियनवर गेला. बाकीचे पावणेअडतीस आम्ही भरले, दुसऱ्या टीमकडून खेळायला!

आणि एप्रिलमध्ये १२ व्या नंबरला बो निक्स. पहिल्या बारात सहा क्वार्टरबॅक गेले, हा सहावा. चार वर्षांचे १८.६ मिलियन, पहिल्या वर्षीचा भार जेमतेम ३.४. विल्सनचे ५३ मिळवले तर क्वार्टरबॅकच्या नावावर ५६, त्या वर्षीच्या २५५.४ मिलियनमधला पाचवा हिस्सा, आणि त्यातला बहुतेक दुसरीकडे खेळणाऱ्यासाठी. तरी १०-७ होऊन प्लेऑफमध्ये गेलो, सुपर बोल ५० नंतर (सुपर बोल म्हणजे लीगचा अंतिम सामना) पहिल्यांदा. (बफेलोने ३१-७ धुतला, तो विषय नको.)

यंदा तेच बेरजेचं गणित ३२ अधिक ४.२, म्हणजे ३६. वीस मिलियन मोकळे झाले. आणि मार्चमध्ये बघा: सेफ्टी हुफांगा तीन वर्षं ४५ मिलियन, लाइनबॅकर ग्रीनलॉ तीन वर्षं ३५, टाइट एंड एव्हन एंग्रम दोन वर्षं २३. हे तिघे आले नसते तर २० व्या नंबरला आम्ही सेफ्टी, लाइनबॅकर आणि टाइट एंड यांच्यातच चाचपडत बसलो असतो.

---

ओहायोची_लेक

जुडी आमच्याकडे क्लीव्हलंडला आला आणि डिसेंबरमध्ये तुमच्याच मैदानावर २३५ यार्ड काढून गेला, हे लिहायचं विसरलात वाटतं 😊

---

डेन्व्हरकर

विसरलो नाही ताई, सामना ४१-३२ आम्ही जिंकलो म्हणून मोठ्या मनाने सोडून दिलं.

---

ओहायोची_लेक

असो. तुमच्या ८५ चं कौतुक पुरे, क्लीव्हलंडची कहाणी ऐका. "कॅप वगैरे खोटं असतं, हुशार टीम वाट्टेल तेवढी जागा काढते" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते.

२०२२ मध्ये क्वार्टरबॅक देशॉन वॉटसनसाठी तीन पहिल्या फेरीचे पिक दिले. वर पाच वर्षांचा २३० मिलियनचा करार, सगळाच्या सगळा हमीचा. एवढी हमी कुणी दिली नव्हती, मालकांमध्येही बोंबाबोंब झाली. मग दरवर्षी वॉटसनचा करार रिस्ट्रक्चर. पगाराचा बोनस करा, पुढे ढकला. यंदा काहीच केलं नसतं तर त्याचा एकट्याचा भार ७० मिलियनच्या वर होता. म्हणून पुन्हा ढकलला. आणि माणूस? ऑक्टोबरमध्ये टाच गेली, जानेवारीत पुन्हा तीच.

आता दुसऱ्या नंबरचा पिक हातात आहे. पण त्याआधीच्या तीन वर्षांत पहिल्या फेरीतले स्वस्तातले तीन तरुण खेळाडू जे आज टीमचा कणा असते, ते नाहीतच. कॅप आणि ड्राफ्ट दोन्हीकडून एकदम मार बसला. डेन्व्हरने निदान एकदाच घाव सोसला आणि मोकळे झाले. आमचं दुखणं अजून निदान दोन वर्षं वहीवर.

---

शिट्टीवाला

ताईंच्या दुःखात सहभागी, पण दुसरी बाजू मांडतो. ढकलणं म्हणजे पाप नव्हे. फिलाडेल्फिया बघा. तिथले जनरल मॅनेजर हावी रोझमन जेवढी व्हॉइड वर्षं वापरतात तेवढी क्वचितच कुणी वापरत असेल. क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला २०२३ मध्ये २५५ मिलियनचा करार दिला आणि त्या वर्षीचा भार ठेवला सहा मिलियनच्या आसपास. फेब्रुवारीत सुपर बोल ४०-२२ ने जिंकले, समोर कॅन्सस सिटी.

कारण सोपं आहे. मर्यादा दरवर्षी वाढते: २०२३ ला २२४.८, मग २५५.४, आता २७९.२. आज ढकललेले चार मिलियन तीन वर्षांनी वहीवर येतात तेव्हा एकूण रकमेत त्यांचा हिस्सा लहान झालेला असतो. बिनव्याजी कर्ज मिळत असेल तर घ्यावं, आमचे आजोबाही हेच म्हणाले असते.

---

कोपऱ्यातला

शिट्टीवाला, "दरवर्षी वाढते" यात एक खड्डा आहे. २०२० ला १९८.२ होती, कोविडमध्ये प्रेक्षक नाहीत म्हणून २०२१ ला १८२.५ वर आली. ज्यांनी ढकलून ठेवलं होतं ते सगळे एकदम उघडे पडले.

न्यू ऑर्लिन्स त्यात पहिले. जवळपास शंभर मिलियनने मर्यादेच्या वर होते! मग त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जे काही केलं ते बघण्यासारखं होतं. क्वार्टरबॅक ड्र्यू ब्रीझने निवृत्तीआधी आपला २५ मिलियनचा पगार एक मिलियनच्या जरा वर आणून ठेवला आणि कागदोपत्री जूनपर्यंत यादीत राहिला, म्हणजे भार दोन वर्षांत वाटला जावा. टेसम हिलला चार वर्षांचा १४० मिलियनचा करार दिला, ज्यातलं प्रत्येक वर्ष व्हॉइड होणारं! त्या १४० मधला एक डॉलरही कुणी देणार नव्हतं. सात-आठ मिलियनची जागा काढायची होती, निघाली. बातमी वाचून लोकांनी डोक्याला हात लावला होता.

आत आले ते, नियमात बसवूनच. पण तेव्हापासून दर मार्चला तेच चाललंय, यंदा क्वार्टरबॅक डेरेक कारचा करारही पुन्हा बांधला, आणि सध्या त्याच्या खांद्याच्या बातम्या आहेत. ब्रीझ गेल्यापासून एकदाही प्लेऑफ नाही.

आणि डेन्व्हरकर, तुमचे पेटन साहेब याच शाळेतले बरं का, आधी न्यू ऑर्लिन्सचेच कोच.

---

डेन्व्हरकर

माहितीये हो. म्हणून तर हुफांगा-ग्रीनलॉच्या करारांत पहिल्या वर्षीचा भार किती कमी ठेवलाय ते मी धडधडत्या छातीने बघतो.

पण शिट्टीवाला आणि कोपऱ्यातला, तुमच्या दोघांच्या मधली एक गोष्ट राहतेय: रोख पैसा. रिस्ट्रक्चर केलं की वीस मिलियनचा चेक आज लिहावा लागतो. कॅप सगळ्यांना सारखी, मालकांचे खिसे नाहीत. ब्रॉन्कोज २०२२ मध्ये वॉल्टन-पेनर मंडळींनी ४.६५ बिलियनला घेतली. वॉलमार्टचा पैसा. विल्सनचे अडतीस मिलियन बुडीत खाती टाकणं त्यांना जमलं. जुन्या घराण्याच्या मालकीच्या, दुसरा धंदा नसलेल्या टीमला ते सोपं गेलं नसतं.

---

रविवारची_आमटी

वाचतेय. सुंदर धागा. नवऱ्याला दाखवला, तो कॅन्सस सिटीवाला, लगेच म्हणाला टायरिक हिलचं लिही. तर त्याच्या वतीने:

मार्च २०२२ मध्ये हिलला मोठा करार हवा होता. क्वार्टरबॅक महोम्सचा दहा वर्षांचा ४५० मिलियनचा करार आधीच होता. दोघांचं ओझं एकदम घेण्यापेक्षा हिलला मायामीला दिला. तिकडे त्याला चार वर्षांचे १२० मिलियन मिळाले, इकडे पाच पिक आले. त्यातले दोन वापरून चीफ्स (कॅन्सस सिटी) २१ व्या नंबरपर्यंत वर सरकले आणि ट्रेंट मॅकडफी हा कॉर्नरबॅक घेतला. पुढचे दोन्ही सुपर बोल त्यांचे. त्याच्या मते ड्राफ्टच्या आधी कॅप सांभाळणं म्हणजे हे: महाग होत चाललेला माणूस वेळेत देऊन स्वस्त माणसं आणणं. मी म्हटलं, घरात असले विचार करू नकोस 😄

---

शिट्टीवाला

😂😂 आमटीताई, त्यांना सांगा की महोम्स घरात असेल तर कुणालाही विकता येतं.

---

हिशेबनीस

अजून एक शंका. मार्चमध्ये सगळी जागा संपवत नाहीत असं दिसतं. मग काही खेळाडू एप्रिलभर बेकार का बसलेले असतात? जागा आहे, माणूस आहे, तरी सही नाही.

---

कोपऱ्यातला

नेमका प्रश्न. त्यामागे ड्राफ्टच आहे, पण पुढच्या वर्षीचा. तुमचे फ्री एजंट दुसऱ्यांनी मोठ्या पगारावर नेले आणि तुम्ही तितके घेतले नाहीत, तर लीग तुम्हाला पुढच्या ड्राफ्टमध्ये भरपाईचा पिक देते, तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी. ही वजाबाकी ड्राफ्टनंतरच्या सोमवारी बंद होते, यंदा २८ एप्रिलला. त्या दिवसानंतर घेतलेला माणूस मोजतच नाही. म्हणून पस्तिशीतला एखादा टॅकल २७ तारखेपर्यंत घरी बसतो आणि २९ ला सही करतो. दुसऱ्या टीमने स्वतःहून सोडलेलेही यात धरत नाहीत, त्यामुळे असे खेळाडू मार्चमध्येही पटकन उचलले जातात. बाल्टिमोर यात वर्षानुवर्षं पटाईत.

---

चहाबाज

बराच उजेड पडला, आभार सगळ्यांचे. मग डेन्व्हरकर, २० व्या नंबरला कोण? रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) म्हणताहेत सगळे. तुमचा जावोंते विल्यम्स डॅलसला गेला ना?

---

डेन्व्हरकर

गेला, आणि ते भोक अजून बुजवलेलं नाही. तरी २० ला रनिंग बॅक नको असं माझं मत. कारण पुन्हा कॅप. २० व्या जागेचा पगार ठरलेला, वर्षाला सरासरी साडेचार मिलियन. तिथे टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणारा) किंवा पास रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) घेतला आणि तो चांगला निघाला, तर बाजारात ज्याला पंचवीस-तीस मोजावे लागतात तो साडेचारात चार वर्षं वापरायला मिळतो. मिळवले वीसच्या वर. रनिंग बॅकचा बाजारच स्वस्त. सर्वात महाग सॅक्वॉन बार्कली, त्याला गेल्या महिन्यात वर्षाला २०.६ मिळाले. बाकीचे बरेच चांगले आठ-दहात येतात. मग वाचले किती?

---

शिट्टीवाला

बार्कलीमुळेच आम्ही फिलाडेल्फियावाले सुपर बोल जिंकलो हो. हिशेब कितीही मांडा, चेंडू कुणीतरी पळवायला लागतोच.

---

ओहायोची_लेक

शिट्टीवाला, पण बार्कली तुम्ही ड्राफ्टमध्ये घेतलाच नव्हता, फ्री एजन्सीत आणलात. ज्यांनी दुसऱ्या नंबरला घेतला त्या न्यू यॉर्कला काय मिळालं? उलट डेन्व्हरकरांचाच मुद्दा सिद्ध झाला.

---

कोपऱ्यातला

+१ ताईंना. आणखी एक: पहिल्या फेरीच्या पिकसोबत पाचव्या वर्षाचा ऑप्शन येतो, बाकी फेऱ्यांना नाही. टॅकलसाठी तो सोन्यासारखा. पास रशर मायका पार्सन्सचा २०२५ चा ऑप्शन २४ मिलियनचा, बाजारभावाच्या कितीतरी खाली. रनिंग बॅकला पाचव्या वर्षी तसे पैसे द्यावेसेच वाटत नाहीत, म्हणजे ऑप्शन वाया. डेन्व्हरकर, तुमचा दुसऱ्या फेरीचा पिक ५१ वा ना? तिथे घ्या. यंदा रनिंग बॅक चिक्कार आहेत.

बाय द वे, मेच्या सुरुवातीला २०२२ च्या पोरांच्या ऑप्शनची मुदत संपतेय. तुमच्याकडे कोण आहे त्या वर्षीचा?

---

डेन्व्हरकर

कुणीच नाही. २०२२ चा आमचा पहिल्या फेरीचा पिक नववा होता. तो विल्सनसाठी सिअॅटलला गेला, त्यावर त्यांनी चार्ल्स क्रॉस घेतला. टॅकल.